प्रोफाइल कोरं का ठेवलंस

माझं प्रोफाइल कोरं आहे यावरून आमच्या नात्यात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही झाली नव्हती. तेव्हा लोक निदान दार लोटून घेऊन बोलले होते.

नोकरीवाल्यांची ती साइट आता सगळ्यांना ठाऊक आहे. फोटो लावायचा आणि कुठे, कधीपासून, कधीपर्यंत काम केलं ते एकाखाली एक मांडायचं. माझ्या पानावर 'हरिणी' हे नाव आहे, 'अन्नपदार्थ तपासणी' हे काम आहे, आणि त्याखाली काही नाही. नऊ वर्षं मी तीन लॅबमध्ये हळद, तिखट, धने तपासले. त्या तिन्ही लॅब मी स्वतःच्या हाताने पानावरून काढून टाकल्या. का काढल्या हे कुणी विचारलं नाही. उत्तर सगळ्यांकडे आधीच तयार होतं.

कुंभकोणमला, आमच्याच गावात, आम्हा तंजावरी मराठी लोकांतल्या एका लग्नात चंद्रमौळी मामांनी मला पंगतीत गाठलं. मामा म्हणजे माझ्या अम्माचे थोरले भाऊ. अम्मा गेल्यापासून मला वळण लावायची जबाबदारी आपल्यावर आली आहे असं त्यांना वाटतं. शेजारच्या पानावर अप्पा बसले होते.

"काय गे हरिणी, तुझं पान कोरं काय म्हणून?" मामांनी विचारलं. "आमच्या पोरीचं, अक्षयाचं पळीव. अस्क भरलेलं अहे." पळीव म्हणजे बघ, अस्क म्हणजे सगळं; आमची मराठी अशी आहे.

"मला नाही भरायचं, मामा."

"नाही भरायचं, का भरायला काही नाही?" मामा आता अप्पांकडे वळले. "जानकीराम, पोरीला काढून घातलं काय रे? तीनदा?"

अप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. मला मामांच्या पानावरचं सगळं सांबार त्यांच्या जरीच्या उपरण्यावर ओतावंसं वाटलं. ओतलं नाही, याचा मला अजून पस्तावा आहे.

अप्पांना तो शब्द का लागला, ते सांगायला हवं. आमच्या घरात माणूस ओळखला जातो तो त्याच्या हुद्द्यावरून. अप्पांचे पणजोबा तंजावरच्या राजवाड्याच्या कोठारावर होते, त्यांचा मुलगा टपालात, मग एक जण शाळेवर, मग अप्पा सब-रजिस्ट्रार ऑफिसात. घरात सोयरीक आली की आमच्याकडचा वडीलधारा माणूस उठतो आणि चार पिढ्यांचे हुद्दे सालांसकट म्हणून दाखवतो, आणि समोरचेही म्हणतात. एखाद्याचं मधलं साल सुटलं तर लोक एकमेकांकडे बघतात. अप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे दस्त नोंदवले. जे लिहिलं आणि नोंदवलं ते सुरक्षित, अशी त्यांची श्रद्धा आहे. आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या नावापुढे नऊ सालं गायब.

त्यांना खरं कारण मी सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. चेन्नईची हवा मानवली नाही, कोइमतूरला पगार कमी पडला, त्रिचीला घर मिळेना, असं काहीबाही सांगत आले. खरं सांगितलं असतं तर ते छत्री घेऊन पहिल्या गाडीने चेन्नईला निघाले असते.

खरं असं होतं. चेन्नईच्या लॅबमध्ये रविशंकर नावाचे साहेब होते. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या हळदीत मला शिसं सापडलं. थोडंथोडकं नाही. पोराबाळांच्या पोटात जाणारी हळद. मी परत तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. साहेबांनी 'शुद्ध' असा अहवाल टाइप करून माझ्यासमोर ठेवला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. मी सही केली नाही. त्यांनी दुसऱ्याची घेतली, मी राजीनामा दिला. तिथे ते संपलं असं मला वाटलं.

कोइमतूरला नोकरी लागली तेव्हा मी हौसेने ती पानावर चढवली. साइट लगेच सगळ्या ओळखीच्यांना कळवते, यांचं अभिनंदन करा म्हणून. पहिली टाळी रविशंकर साहेबांची आली. मला बरंसुद्धा वाटलं, इतकी मी मूर्ख. पाच महिन्यांनी तिथल्या बाईंनी मला खोलीत बोलावलं आणि खाली मान घालून सांगितलं की चेन्नईहून फोन आला होता, तुम्ही नमुने बाहेर नेता म्हणे, तुमच्यावर विश्वास ठेवता येत नाही म्हणे. त्रिचीला आठच आठवडे लागले. तिथेही पहिली टाळी त्यांचीच होती.

तक्रार का केली नाहीस, असं विचारणारे असतातच. कुणाकडे करू? फोनवर बोललेल्या वाक्याची पावती मिळते का? मी कधीतरी बोलेन याची त्या माणसाला भीती होती, म्हणून जिथे जाईन तिथे माझ्याआधी तो बोलत होता. त्याला माझा पत्ता कोण देत होतं? मीच देत होते, फोटो लावून, तारखेसकट. त्याला एकट्याला तोडून भागलं नसतं, आमच्या धंद्यात सगळे एकमेकांच्या ओळखीचे; म्हणून मी सगळं काढून टाकलं. चोराने लपावं हे मला कळतं. मी का लपायचं?

आणि मी कुणाला फसवलं नाही, हे नीट ऐका. तंजावरला नवी लॅब निघाली होती. तिथल्या प्रमुख कविता मॅडमना मी तीन पानं लिहून दिली. तिन्ही नोकऱ्या, तारखा, प्रत्येक सोडण्याचं कारण, हळदीसकट. ज्याला विचारायचा हक्क आहे त्याला मी सगळं सांगते. बाकीच्या जगाने माझ्या नोकऱ्यांची यादी वाचून काय करायचं आहे? मॅडमनी तिन्ही पानं वाचली, चष्मा काढला आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "सोमवारी या. मला सही न करणारीच माणसं हवीत." घरी येताना मी बसमध्ये रडले. तंजावरहून रोज घरी येता आलं असतं, अप्पा एकटे पडले नसते.

हे मंगळवारी झालं, आणि नोकरी लागल्याचं मी त्याच रात्री अप्पांना सांगितलं. लग्न गुरुवारी. शुक्रवारी सकाळी मी आंघोळ करून आले तर अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून झोपाळ्यावर बसलेले, हातात फोन, चेहरा दिवाळीचा.

"इकडे ये गे. उंद गोष्ट दाखवायची अहे."

त्यांनी त्या साइटवर स्वतःचं खातं उघडलं होतं. वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, कुणाला न विचारता. आणि माझा फोटो लावून, माझं नाव जोडून, इंग्रजीत पण अस्सल दस्ताच्या थाटात लिहिलं होतं: जानकीराम राव यांची कन्या हरिणी, हिने अमुक लॅबमध्ये अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वरिष्ठ तपासनीस म्हणून, तदनंतर कोइमतूर येथे, तदनंतर त्रिची येथे सेवा केली असून, येत्या सोमवारपासून ती तंजावर येथे रुजू होत आहे. लॅबचं नाव, पत्ता. खाली स्वतःचा फोन नंबर. माझ्या ट्रंकेतले अनुभवाचे दाखले काढून तारखा तपासून घेतल्या होत्या. एक चूक नव्हती.

"चंद्रमौळी पळिवला असेल आत्तां," अप्पा म्हणाले. "एकशेचाळीस लोकांनी टाळ्या वाजवल्या."

मी टाळ्यांची यादी उघडली. पहिलं नाव वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं.

"अप्पा, फोन कुणाचा आला होता काय?"

"आला की. तुझे चेन्नईचे साहेब. किती गोड माणूस गे! तुला फुलं पाठवायची म्हणाले. तिथल्या मोठ्या बाईंचं नाव विचारले. मी सांगितलों."

मी ओरडले. इतक्या वर्षांत अप्पांवर मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी गल्लीतल्या तमिळ शेजारणींना मराठी कळलं असेल. काय केलांत, अप्पा? कुणाला विचारून केलांत? माझी ट्रंक, माझे कागद, माझी सालं! तुमच्या त्या मेहुण्याच्या एका वाक्यासाठी माझी नोकरी घालवलीत! मग हळद, शिसं, सही, कोइमतूर, त्रिची, सगळं एका दमात सांगितलं. अप्पा झोपाळा पायाने थांबवून ऐकत होते.

"सही केली नाहीस?" त्यांनी एवढंच विचारलं.

"नाही."

"मग तू काय म्हणून लपायचं?"

त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटाने ते लिहिलेलं काढून टाकलं. ते पुसायला दोन मिनिटं लागली, लिहायला त्यांनी अर्धी रात्र जागून काढली होती, हे मला नंतर कळलं.

शनिवारी कविता मॅडमचा फोन आला. लॅबच्या मालकांना कुणीतरी फोन केला होता. मालक म्हणतात, सध्या थांबूया.

"पण मॅडम, मी तुम्हाला सगळं लिहून दिलं होतं. त्याने सांगण्याआधी मी सांगितलं होतं."

"मला माहीत आहे, हरिणी. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

"मग तसं मालकांना सांगा ना."

त्या म्हणाल्या, "तुम्ही आमची बाजूही समजून घ्या." मी समजून घ्यायचं! खोटं बोलणाऱ्याचा एक फोन पुरतो आणि खरं बोलणाऱ्याची तीन पानं पुरत नाहीत, हे मी समजून घ्यायचं. मी फोन ठेवला. विश्वास असलेल्या माणसांनी माझं जेवढं नुकसान केलं तेवढं शत्रूला एकट्याने जमलं नसतं.

अप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते 'चुकलं' म्हणाले नाहीत. आत गेले आणि मला आवडते म्हणून डांगर पचडी, उडदाच्या पिठाचं दह्यातलं तोंडीलावणं, करायला घेतली. अम्मा गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच ती केली, आणि खारट केली. मी पूर्ण खाल्ली, पण त्यांच्याशी बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मामांचा फोन आला, पोरगी सोमवारी रुजू झाली का म्हणून. अप्पांनी फोन उचलला, ऐकला, आणि एक शब्द न बोलता ठेवून दिला.

यानंतर अडीच महिने गेले. मग मला काम मिळालं. लहान जागा आहे, कामही लहान आहे, पण काम माझंच, तपासणीचं आहे, आणि मालक असा माणूस आहे की मी हळदीचं सांगितल्यावर त्याने आधी स्वतःच्या दुकानातली हळद तपासायला दिली. कुठेही चढवायचं नाही, कुणालाही कळवायचं नाही, हे आमचं पहिल्या दिवशीच ठरलं.

रुजू व्हायच्या सकाळी मी डबा भरत होते. अप्पा कॉफीचा डबरा, म्हणजे वाटी-पेला, घेऊन आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. आता रागाचं काही उरलं नव्हतं. त्यांना सांगावं असं मला फार वाटलं. मुलीला नोकरी लागली, कुठे लागली, कोण साहेब आहे, एवढं कळायचा बापाला हक्क नाही तर कुणाला आहे?

"अप्पा," मी म्हटलं, "जागा कोठे अहे म्हणाल तर—"

त्यांनी हात वर केला.

"नको गे. मला सांगू नको."

"अप्पा, तुम्हाला सांगायला काय झालं?"

"कोणीं गोड बोलून विचारला तर मी सांगीन. माझा स्वभाव ओळखून अहें मी." त्यांनी कॉफी माझ्या हातात दिली. "तूं जा. सांजे ये. तेवढं पुरे मला."

आयुष्यभर चार पिढ्यांचे हुद्दे तोंडपाठ म्हणणारा माणूस. स्वतःच्या मुलीचा एक हुद्दा ऐकायला नको म्हणाला. माझ्या तीन नोकऱ्या गेल्या त्याचा राग मी गिळला होता. हा मात्र गिळणार नाही. रविशंकर साहेबांच्या पानावर आज तेवीस वर्षं मांडलेली आहेत, मध्ये एका दिवसाची फट नाही, वर एका सन्मानचिन्हासकट फोटो. आणि माझ्या बापाने सोबत येताना बसस्टँडच्या वळणावरच पाठ फिरवली, मी कुठल्या बसमध्ये चढते ते चुकूनही दिसू नये म्हणून.

नाचियार्कोविलची बस लागली होती, तिरुभुवनमवरून जाणारी लागली होती, चोळपुरमचीही लागली होती. मी त्यांतल्या एकीत चढले. कुठल्या, ते तुम्हालाही सांगणार नाही.