मागच्या बाजूच्या खुणा

डिर्कसेन बाईंनी बुटाची नाडी तिसऱ्यांदा सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. बुर्गी दारात काठी टेकून उभी होती.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली. "डोंगर काही कुठे पळून जात नाही."

म्हटलं आणि तिने जीभ चावली. गेल्या जूनमध्ये डोंगराचा एक तुकडा पळूनच तर गेला होता, आणि जाताना या बाईंची मुलगी घेऊन गेला होता.

डिर्कसेन बाईंनी वर पाहिलं नाही. नाडीची गाठ मारून त्या उठल्या. साठीच्या, उंच, सपाट मुलखातल्या. काल दुपारच्या बसने टोलग्रूबला उतरल्या तेव्हा पाहुण्यांच्या वहीत त्यांनी आडनाव लिहिलं, आणि ते उलटं वाचतानाच बुर्गीने ओळखलं होतं या कोण ते. चार खोल्यांचं पाहुणेघर, त्यातल्या तीन रिकाम्या. जागा नाही म्हणायचीही सोय नव्हती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा नवरा इग्नाझ ओरडला, "बुर्गी, त्यांना गाईंच्या मधून नेऊ नकोस. गेल्या आठवड्यात एक प्राध्यापक कुंपणावर चढून बसले होते."

"तू बटाटे सोल," बुर्गी म्हणाली. "आणि जव लागू देऊ नकोस."

"ऐकलंत?" तो बाईंना म्हणाला. "गुडघ्यात नवीन लोखंड बसवलं तेव्हापासून मी या घरची मोलकरीण झालोय."

बाई कशाबशा हसल्या. बुर्गीला ते हसणं बघवलं नाही. ती दरडीच्या वाटेने चालायला लागली.

पहिला तासभर वाट लार्चच्या झाडांतून जाते. खाली ओढा, वर गाईंच्या घंटा, मधे शांतता. लोक या शांततेसाठीच इथे येतात आणि दोन दिवसांत कंटाळून जातात. कुरणावर निळी जेन्शियन फुलली होती. एक मार्मोट शीळ घालून बिळात घुसला. डिर्कसेन बाई थांबून प्रत्येक गोष्ट बघत होत्या. मुलीने काय काय पाहिलं असेल त्याची जणू यादी करत होत्या.

"विबके इथून आलीच नाही," त्या एकदम म्हणाल्या. "ती खिंडीकडून उतरत होती. हे सगळं तिला दिसायचंच राहिलं."

"हो," बुर्गी म्हणाली.

"चौकशीच्या कागदात लिहिलंय, खिंडीत वाट बंद असल्याची पाटी होती, खुणा पुसलेल्या होत्या, मुलगी निष्काळजीपणे उतरली. निष्काळजी! अहो, त्या दिवशी धुकं होतं, पाटी दिसली नसेल, हे मी समजू शकते. पण खूण दिसल्याशिवाय ती पाऊल टाकायची नाही. लहानपणी फरशीच्या रेघेवरसुद्धा पाय द्यायची नाही. तिचे वडीलसुद्धा आता म्हणतात, चुकली असेल पोरगी. घरात तिचं नाव निघालं की सगळे मान खाली घालतात."

बुर्गीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

कुरण संपलं तिथे राखाडी डाग असलेला पहिला दगड आला. इग्नाझ तीस वर्षं या दरीतल्या वाटांचा राखणदार. दगडांवर लाल-पांढरे-लाल पट्टे रंगवायचे, दर तीन वर्षांनी ताजे करायचे, आणि वाट बंद झाली की त्याच पट्ट्यांवर राखाडी रंग फासून वाट मिटवायची. गेल्या जूनमध्ये वरच्या उताराला भेग पडली तेव्हा त्याचा गुडघा नुकताच कापलेला होता. रंगाचा डबा घेऊन बुर्गी गेली. बाहेर कुणाला सांगितलं नाही. कळलं असतं तर गिर्यारोहण संघाने त्याचं काम काढून दुसऱ्याला दिलं असतं.

दर दगडावर खुणा दोन असतात. एक चढणाऱ्यासाठी, एक उतरणाऱ्यासाठी, दगडाच्या मागच्या बाजूला. बुर्गीने चढताना पुढच्या सगळ्या मिटवल्या. मागच्या उतरताना मिटवायच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा दगडाला वळसा नको, असा हिशेब. खिंडीत पोचली आणि आभाळ फाटलं. ओल्या दगडावर रंग धरत नाही. ती धावत खाली आली. "झालं?" इग्नाझने विचारलं. "झालं," ती म्हणाली, कारण दात वाजत होते आणि उद्या ऊन पडलं की जायचंच होतं. त्याने कागदावर सही केली. ऊन चार दिवस पडलं नाही. पाचव्या दिवशी विबके डिर्कसेन खिंडीतून उतरायला लागली.

नंतर, चौकशीची माणसं यायच्या आधी, बुर्गी बहिणीकडे जाते म्हणून गेली आणि राहिलेल्या खुणा मिटवून आली, दरडीखालच्या इकडून, वरच्या खिंडीकडून.

दरड कोसळली होती तिथे वाट तुटलेली होती. पलीकडे नुसता पिवळा घसारा, त्यावर गवताचं पातंही नाही. डिर्कसेन बाई काठावरच्या शेवटच्या दगडापाशी बसल्या. रडल्या नाहीत. बराच वेळ गेल्यावर त्यांनी दगडावरच्या राखाडी डागावरून बोट फिरवलं. मग उठून दगडाच्या मागे गेल्या. तिथेही फिरवलं. पुन्हा पुढे आल्या.

"माझे वडील रंगारी होते," त्या म्हणाल्या. "आम्ही तिघी बहिणी शिडीवरच वाढलो. हा पुढचा बघा. देवीचे व्रण उठावेत तसा झालाय. रंग ओला असताना त्यावर पाऊस पडलाय. आणि मागचा बघा, कसा गुळगुळीत. कोरड्या दिवशी लावलेला." त्या थांबल्या. "हे दोन दिवसांचं काम आहे. कागदात एकच तारीख आहे."

वारा सुटला होता. बुर्गीने तोंड उघडलं. वर्षभर रोज पहाटे दूध तापवताना जे वाक्य ती मनात म्हणत आली होती ते अगदी जिभेवर आलं.

"सूप गार होईल," ती म्हणाली.

दोघी उतरायला लागल्या. लार्चच्या झाडांत बाईंचा पाय घसरला तेव्हा बुर्गीने त्यांचा दंड धरला, आणि मग वाट सपाट झाली तरी सोडला नाही. घरी पोचल्याबरोबर सांगायचं, तिने ठरवलं. इग्नाझसमोर. उभ्या उभ्या. बसलं की धीर सुटतो.

इग्नाझने टेबल मांडून ठेवलं होतं. जवाचं सूप, राय धान्याचा काळा पाव, चीज. तिघांच्या वाडग्यांत वाढून बुर्गी उभीच राहिली. पळी तिने पातेल्यात ठेवली.

"बाई, मला तुम्हाला..."

पण डिर्कसेन बाई इग्नाझकडे बघत होत्या. "वर खुणा मिटवायला तुम्ही किती वेळा गेला होतात?"

इग्नाझने पाव मोडता मोडता हात थांबवला. त्याने बुर्गीकडे पाहिलं नाही. पावाकडेच पाहत राहिला.

"दोनदा," तो म्हणाला.

"नाझ," बुर्गी म्हणाली.

"तू गप्प बस. यांनी मला विचारलंय." तो बाईंकडे वळला. "पहिल्यांदा गेलो तेव्हा चढताना दिसतात तेवढ्याच मिटवल्या. गुडघा ठणकत होता, पाऊस आला, मागच्या बाजूच्या तशाच सोडून आलो. कागदावर लिहिलं, काम पूर्ण. ती सही माझीच आहे. तुमची मुलगी गेल्यावर पुन्हा गेलो आणि उरलेल्या मिटवल्या. दरडीने नेल्या त्या सोडून अकरा होत्या. खाली चार. वर सात."

अकरा. बुर्गीने खुर्चीची पाठ धरली. हा आकडा तिने कुणालाही सांगितला नव्हता. पण त्या वाटेवरचा दगड न् दगड त्याने रंगवलेला. कोणते उरले आणि कोणते गेले हे त्याला घरबसल्या मोजता येत होतं, आणि बहिणीकडे निघालेल्या बुर्गीबरोबर रंगाचा डबाही गेला हे त्याने पाहिलं असणार. वर्षभर तो ते मोजत बसला होता, तिच्यासमोर, याच टेबलाशी.

"म्हणजे धुक्यात तिला वरच्या सात दिसल्या," डिर्कसेन बाई म्हणाल्या.

"त्यापुढच्याही, दरड आली तिथपर्यंतच्या. लाल-पांढऱ्या, ठळक. आदल्याच वर्षी ताज्या केल्या होत्या." इग्नाझने पाव खाली ठेवला. "खुणेवरूनच आली पोरगी. एकही चुकली नाही."

बाईंनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, आणि तो मोकळा होताना बघणं बुर्गीला दरड बघण्याहून कठीण गेलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते कोरडे होते.

"हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल."

"देतो."

"तुम्हाला तुरुंगात घालतील कदाचित."

"घालू देत."

मग बाई बुर्गीकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्हाला हे ठाऊक होतं?"

इग्नाझ सूप ढवळत होता. ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं. तो ढवळत राहिला. बाहेर कुणाची तरी गाय हंबरली, आणि ती पुन्हा हंबरेपर्यंत बुर्गीला वेळ होता.

"नाही," ती म्हणाली.

डिर्कसेन बाईंनी टेबलावरून हात पुढे केला आणि खुर्चीच्या पाठीवरचा तिचा हात धरला. तळवा गरम होता, वाडग्यामुळे.

"बसा," त्या मायेने म्हणाल्या. "बसा हो. मी उद्या जाईन. तुम्हाला तर यांच्याबरोबरच राहायचंय."

बुर्गी बसली.