झाकणाखालचा रंग

आमच्या ह्यांना डोळ्यांवर असलेला चष्मा घरभर शोधायची सवय आहे. पण बोटाएवढ्या नांगराला एक रिव्हेट कमी असेल तर ते त्यांना दारातून दिसतं. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली पंधरा वर्षं, ते जुन्या शेतीयंत्रांची छोटी मॉडेलं जमवतात. प्रमाण ठरलेलं, सोळाला एक. सोळा फुटांचं यंत्र एका फुटात. समोरच्या खोलीत काचेच्या कपाटात त्रेचाळीस यंत्रं उभी आहेत. लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर, पेरणीयंत्रं, गवत कापायची, गठ्ठे बांधायची. पाहुण्यांना बसायला दोन खुर्च्या आणि यंत्रांना अख्खी भिंत.

"यांची धूळ पुसायला एक बाई ठेवा," मी एकदा म्हटलं होतं.

"आहे की," ते म्हणाले, "लग्न करून आणली आहे."

बाजारात मिळणारं मॉडेल नवंकोरं असतं, कालच दुकानातून निघाल्यासारखं. ह्यांना ते चालत नाही. यंत्राने काम केलेलं दिसलं पाहिजे. तिथे माझा हात लागतो. लग्नाआधी मी खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांचे डोळे रंगवायचे, दिवसाला दोनशे जोड्या. आता सत्तरी उलटली तरी ब्रश धरला की हात हलत नाही. यंत्रांना म्हातारं करायचं काम माझं. उन्हाने लाल रंग गुलाबीकडे झुकतो. बोल्टखालून गंजाचा ओघळ येतो. जिथे माणूस रोज हात ठेवतो तिथला रंग जाऊन लोखंड चकाकतं. आणि जिथे झाकण असतं, त्याच्याखाली रंग नवाच राहतो, घड्याळाच्या पट्ट्याखालच्या कातडीसारखा. हे सगळं ह्यांनीच मला शिकवलं. प्रत्येक मॉडेलच्या पोटाला ते एक चिठ्ठी चिकटवतात, कोणतं वर्ष, कोणता हंगाम. यंत्र तेव्हा जसं होतं तसं. उगाच सुंदर करायचं नाही आणि उगाच जुनंही नाही.

आमच्याकडे एक निवृत्त दातांचे डॉक्टर येतात. त्यांनाही हाच नाद. दात कोरायची आपली जुनी हत्यारं त्यांनी ह्यांना आणून दिली, त्या हत्यारांनी ह्यांची बारीक कामं होतात. मागच्या वर्षी तेच कपाटासमोर उभे राहून म्हणाले, "फोरमनसाहेब, त्रेचाळीस झाली. पण ज्याच्यावर तुम्ही अठरा वर्षं काढलीत ते मोठं मळणीयंत्र कुठाय?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्या यंत्रात माझा धाकटा भाऊ गेला.

तेव्हा हे एका मोठ्या शेडमध्ये फोरमन होते. आजूबाजूच्या शेतांना तिथून यंत्रं भाड्याने जायची, मळणी मात्र शेडमध्येच व्हायची. भावाला तिथे मीच चिकटवलं होतं. त्याला सगळे घाईबाबा म्हणत. ते नावही मीच लहानपणी ठेवलेलं. तो उभ्याने जेवायचा, जिना उतरता उतरता शर्टाची बटणं लावायचा. मळणीयंत्राच्या बाजूला पट्ट्याचं मोठं चाक होतं आणि त्यावर चार बोल्टांनी बसवलेलं लोखंडी झाकण. एका दुपारी पट्ट्याने त्याची बाही धरली आणि त्याला आत ओढलं. झाकण जागेवर नव्हतं.

चौकशीला माणूस आला. ह्यांनी सांगितलं, सकाळी झाकण होतं. मग ते कोणी काढलं हे कोणाला विचारावंच लागलं नाही. काड अडकली असेल, यंत्र थांबवायला धीर नसेल, बोल्ट काढून हात घातला असेल. घाईच नडली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. भावजयीच्या शेजारी बसून, तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "त्याचा स्वभावच तसा गं." ती सव्वीस वर्षांची, पोर चार वर्षांची. स्वतःच्या चुकीने मेलेल्या माणसाच्या बायकोला मालकाने महिन्याच्या आत खोली सोडायला लावली.

याला चौतीस वर्षं झाली.

डॉक्टरांच्या त्या बोलण्यानंतर हे मळणीयंत्र करायला बसले. ते विकत मिळण्यासारखं नव्हतंच, कोणी बनवलंच नव्हतं. खरं यंत्र कधीच भंगारात गेलेलं. तीन फोटो आणि ह्यांची आठवण, एवढ्यावर चार महिने पत्रा कापत होते. मी नको म्हटलं नाही. वाटलं, मनात अडकलेलं काढून टाकायचं असेल. एका सकाळी त्यांनी ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. झाकण वेगळं केलेलं, टाचणीच्या डोक्याएवढ्या चार बोल्टांवर बसणारं.

"कधीचं दाखवायचं?" मी विचारलं.

"शेवटच्या हंगामाचं."

अकरा दिवस मी रंगवत होते. विटका लाल, भुशाची पिवळी धूळ, तेलाचे काळे ओघळ. शेवटी पट्ट्याच्या चाकाची बाजू आली. झाकण त्याच दुपारी निघालेलं, म्हणून त्याच्याखालचा चौकोन मी ताज्या गडद लालने भरला आणि बोल्टांची भोकं चकचकीत ठेवली. हात चुकला नाही. म्हटलं, आपल्या भावाने शेवटचं जे केलं ते तरी नीट दाखवू.

ह्यांनी भिंग लावून पाहिलं. सगळीकडे मान डोलावली आणि त्या बाजूला येऊन थांबले.

"हे चुकलं."

"काय चुकलं?"

"झाकणाखालचा रंग. इतका ताजा नव्हता. बाकीच्यासारखाच विटलेला कर. आणि भोकांत गंज भर."

मी ब्रश बुडवला. पंधरा वर्षांची सवय, ते सांगतात आणि मी करते. ताज्या लालवर विटका हात फिरवला. पहिल्या भोकात गंज भरला, दुसऱ्यात भरला. तिसऱ्यात ब्रशचं टोक घातलं आणि तिथेच थांबले.

"अहो, उघड्या भोकात इतका गंज धरायला किती दिवस लागतात?"

"वर्ष तरी जायला हवं," ते म्हणाले. डोळा अजून भिंगातच होता. मग त्यांनी भिंग हळूच खाली ठेवलं.

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि बराच वेळ वाजवत राहिलं.

"म्हणजे झाकण त्या दिवशी निघालेलं नाही," मी म्हटलं.

"काड अडकायची सारखी..."

"कोणी काढलं?"

"मी. आदल्या हंगामात. दर वेळी चार बोल्ट काढा, चार लावा, अर्धा-अर्धा तास यंत्र बंद. मालक डोक्यावर उभा. काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं."

"बाकीच्यांना माहीत होतं?"

"शेडमधल्या सगळ्यांना. आता माझ्याशिवाय कोणी राहिलं नाही."

"आणि चौकशीत सांगितलंत, त्याने काढलं."

"ते मी म्हणालो नाही. सकाळी होतं, एवढंच म्हणालो." मग त्यांचा आवाज चढला. "त्याने काढलं हे तुम्ही सगळे म्हणालात! तू म्हणालीस सगळ्यांच्या आधी. मी शेडमध्ये उभा होतो, चौकशीच्या माणसाला काय सांगावं ते ठरत नव्हतं. बाहेर तू म्हणत होतीस, घाईच नडली त्याला. मला वाट सापडली."

मी चौथं भोक तसंच सोडलं आणि ब्रश धुऊन ठेवला.

"उद्या सकाळी भावजयीकडे जायचं," मी म्हटलं.

"आता? तिला काय मिळणार आहे आता?"

"ते तिला ठरवू दे."

"मी गेल्यावर सांग हवं तर."

"आणि मीच आधी गेले तर? मग कोण, डॉक्टर सांगतील?"

दुसऱ्या दिवशी ते सकाळी माझ्याआधी तयार होऊन बसले होते आणि मळणीयंत्र बुटांच्या खोक्यात घालून मांडीवर घेतलं होतं. हे कशाला, असं मी विचारलं नाही. त्याच्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द फुटला नसता हे मला कळत होतं.

भावजय दुसऱ्या मजल्यावर राहते. एक खोली, तिला लागून स्वयंपाकघर, खिडकीशी शिलाई मशीन. शाळेच्या गणवेशांचे काठ दुमडायचं काम करते. आम्हाला बघून तिचा चेहरा फुलला.

"वन्सं! न कळवता? आणि भावोजी दोन जिने चढून? गुडघे उसने आणले का कोणाकडून?"

ह्यांनी खोकं उघडून यंत्र टेबलावर ठेवलं.

"अगंबाई, या वयात खेळणी?" ती हसली. मग आमच्या तोंडांकडे पाहून तिचं हसू गेलं. "हे ते आहे?"

"ते," मी म्हटलं.

ती वाकली. खरं यंत्र तिने कधी पाहिलंच नव्हतं. बायकांना शेडमध्ये येऊ देत नसत. तिने हात मागे बांधून घेतले होते, लहान मुलाला हात लावू नको म्हटल्यावर ते बांधतं तसे.

"हे सोळाला एक आहे," हे म्हणाले. "काड इथून आत जायची, आणि इकडून..."

"अहो," मी म्हटलं.

ते थांबले. मग उभ्यानेच सांगितलं, चार-पाच वाक्यांत. झाकण वर्षभर आधी काढलेलं होतं. ते मी काढलं. चौकशीत खोटं बोललो. त्याने काही केलं नव्हतं.

भावजयीने विचारलं, "झाकण लावा असं तो कधी म्हणाला होता?"

"तीनदा. मी म्हटलं, हंगाम संपू दे."

ती मशीनपाशी जाऊन बसली. सुईखाली अर्धवट राहिलेला काठ तिने शेवटपर्यंत शिवला, दोरा तोडला, कपडा घडी करून बाजूला ठेवला.

"वन्सं, पोरगी आठ वर्षांची असताना शाळेत शर्यतीत पहिली आली," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "कप घेऊन नाचत आली घरी. मी थोबाडीत दिली. बापासारखी मरशील म्हटलं. रस्त्यावर कधी पळू दिलं नाही, बससाठीसुद्धा नाही. आज अडतीस वर्षांची आहे. घराबाहेर पडताना चारदा गॅस बघते, चारदा कुलूप ओढते. कामावर तिला मंद म्हणतात. मंद मी केली तिला. बापाची चूक शिकवत होते मी तिला, इतकी वर्षं."

"चुकलंच माझं," हे म्हणाले.

"चूक त्याची म्हणत होते ना सगळे?" तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही केलंत त्याला चूक म्हणत नाहीत, भावोजी. तुम्हाला माहीत होतं."

तिने मुलीला फोन लावला आणि ह्यांच्या हातात दिला. "मघाशी सांगितलं तसंच सांगा. काड कुठून जायची ते नको."

ह्यांनी सांगितलं. मधेच अडखळले तेव्हा पहिल्यापासून सांगितलं. मग पलीकडून तिने काहीतरी विचारलं आणि हे म्हणाले, "हो, आत्या इथेच आहे." पुन्हा ऐकलं आणि फोन भावजयीला दिला.

"निघते म्हणतेय," फोन ठेवून भावजय म्हणाली. "तीन तास लागतील. तोवर दोघांनीही जायचं नाही, असं सांगितलंय."

हे खुर्चीत बसले. यंत्र खोक्यात भरायला त्यांनी हात पुढे केला.

"राहू दे ते," ती म्हणाली. "तिलाही बघायचंय." मग माझ्याकडे वळून, "आणि वन्सं, तुम्हाला काय सांगायचंय तेही तयार ठेवा. घाईबाबा हे नाव कोणी ठेवलं होतं, ते तिला ठाऊक आहे."

तिने मला गणवेशांचा ढीग आणि सुई दिली. रिकामं कोणाला बसवत नाही ती. मी काठ दुमडत मनात वाक्यं जुळवत होते. भाऊ कामात कधी घाई करत नसे, हे मला माहीत होतं. लहानपणी सायकलची चेन बसवायला संध्याकाळभर खपायचा. तरी घाईच नडली असं मी बोलले. सुरुवात भावाच्या बाजूने करावी आणि अर्ध्यात वाक्य माझ्याच बाजूला वळावं, असं होत होतं. तेवढं उसवून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. समोर हे मळणीयंत्राकडे पाठ करून बसले होते. मशीन चालू होतं. बारा वाजायला आले होते.