पिवळी नस आणि मनकर्णाबाईंची करंगळी

मित्रांनो, मी कमरेच्या कण्याचा एक जुना नमुना आहे. माझे पाच मणके प्लास्टिकचे आणि मधल्या चकत्या रबराच्या आहेत. कारखान्यात माझी सर्वांत खालची चकती मुद्दाम लाल रंगवून थोडी बाहेर काढली गेली. मणक्यांच्या फटींतून पिवळ्या नसा निघतात. खालच्या काही नसा एकत्र येऊन बोटाएवढी जाड नस होते. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरते आणि तिच्या फांद्या पावलापर्यंत जातात. माझ्यात मात्र ती कमरेखालीच संपते, कारण मला पाय नाहीत.

मी सावली गावातल्या एका दवाखान्यात आलो, तेव्हा शाळेची मुले मला बघायला येत. पुढे भिंतीवर रंगीत तक्ते लागले आणि मी कपाटावर गेलो. माझ्या मणक्यांत पाली राहू लागल्या. यंदा व्यायाम शिकवणाऱ्या नीलिमाबाई रुजू झाल्या. त्यांनी मला पुसून टेबलावर ठेवले.

त्याच आठवड्यात मनकर्णाबाई आल्या. धानाच्या रोवणीत, म्हणजे भाताची रोपे लावताना, वाकून वाकून त्यांचा डावा पाय कुल्ल्यापासून करंगळीपर्यंत ठणकत होता. सोबत त्यांचे यजमान वारलूभाऊ होते. दुसऱ्या दिवशी गावातला एक जण घरी येऊन घोट्याजवळ तापल्या सळईचा डाग देणार होता. त्यांच्या गावात पायाच्या कळेवर तोच उपाय करत.

"पाय दुखते अन् तुमी पाठीचं हाडूक काऊन दाखवून राह्यल्या, बाई?" वारलूभाऊंनी विचारले.

नीलिमाबाईंनी त्यांचे बोट माझ्या लाल चकतीवर ठेवले. "नस इथं दबली आहे, भाऊ. कळ पायात जाते."

"मंग डाग कमरेले देऊ."

"आधी तुमाले देऊन पाहा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

नीलिमाबाईंनी मनकर्णाबाईंना डोळे मिटायला सांगितले आणि डाव्या करंगळीला काडी टोचली. "टोचलं की सांगा."

"तुमी सुरू तं करा, बाई."

वारलूभाऊ काडीकडे पाहत राहिले. ती करंगळीला टेकलेलीच होती.

"म्हणजे चटका बी हिले कळला नसता," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला. "उद्या येऊ नोको, भाऊ. नाई, नंतर बी नाई."

औषध आणि व्यायामाने मनकर्णाबाईंचा पाय हळूहळू बरा होत आहे. त्या आल्या की माझी धूळ पदराने झटकतात.

मित्रांनो, बधिर झालेल्या पायाला गरम काही लावू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि रोवणी करता करता तुमची आई बांधावर येऊन जरा सरळ उभी राहिली, तर तिला घाई करू नका.