नशीबवान हेल्मेट

"हेच, मावशी. अगदी असंच. दोन द्या. रंग कुठलाही चालेल, पण माल हाच पाहिजे."

थोआ अजून छत्रीच पक्की करत होती. सकाळचे साडेसहा झाले होते, सा देक गावात रविवार असल्यामुळे रस्त्यावर गर्दी बेताची होती, आणि लोखंडी दांड्यावर तिची निम्मीच हेल्मेटं टांगून झाली होती. इतक्या लवकर गिऱ्हाईक, आणि तेही एकदम दोनाचं! तिने मनातल्या मनात हात जोडले. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं की दिवस वाया जातो, हे या रस्त्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"असंच म्हणजे कसलं रे बाबा? दाखव तरी."

त्या माणसाने मोटारसायकलकडे बोट केलं. मागच्या सीटवर दहा-अकरा वर्षांची मुलगी बसली होती. तिच्या डोक्यावर थोआकडचंच निळं हेल्मेट होतं. ते कपाळापासून कानामागपर्यंत तडकलं होतं आणि त्या तड्यावर पिवळट गोंदाचा जाड थर दिला होता. गोंद फार मनापासून लावला होता, काठ कानशीने घासून गुळगुळीत केले होते. मुलीला टोचू नये म्हणून केलं असणार, हे थोआला बघताक्षणी कळलं.

"हे फुटलंय की."

"फुटलंय म्हणून तर." माणूस खुशीत हसला. "मी किएत. नदीच्या पलीकडच्या काठावर फुलझाडांच्या वाफ्यांवर काम करतो. मागच्या टेटच्या, नव्या वर्षाच्या सणाआधी तुमच्याकडून नेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी शेवंतीच्या कुंड्या घेऊन निघालो, मधे कुत्रं आलं, गाडी आडवी. कुंड्यांचा भुगा झाला. हेल्मेटाचे हे असे दोन तुकडे. आणि मला काय, तर कानाला तीन टाके. आई म्हणाली, जिवावरचं हेल्मेटावर निभावलं. असली वस्तू टाकायची नसते. मग मी चिकटवलं."

"आणि पोरीला घातलंस?"

"नशिबाचं आहे ना ते. मग दुसऱ्या कुणाला घालू?" त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "क्वेनला मोठ्या शाळेत घातलंय. पुढच्या सोमवारपासून तिची आई रोज तिला हायवेने नेणार. चौदा किलोमीटर. ट्रक काय भयानक पळतात तिथे. म्हटलं, नशिबाचं पोरीला, आणि आम्हा दोघांना तुमच्याच हातची नवी दोन."

शेजारी पावाची गाडी लावणारी दिएप तोंडभर हसली. "ऐकलंस का ताई? पाटी लावून घे आता. जीव वाचवणारी हेल्मेटं."

थोआला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. सतरा वर्षं ती याच कोपऱ्यावर बसत होती, आणि आपला माल काय आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. वरून झकास रंग, आत बोटभरही जाड नसलेला स्पंज, त्यावर कापड. दर्जाच्या शिक्क्याची स्टिकरं गुंडाळीने मिळायची, ती थोआ दुपारी निवांत बसून स्वतः चिकटवायची. घेणाऱ्यालाही सगळं माहीत असायचं. "पोलिसापुरतं द्या हो मावशी," असं म्हणूनच लोक मागायचे. दोन्हीकडून समजूत असली की फसवणूक वाटत नाही. पण हा माणूस पोलिसासाठी घेत नव्हता. हा विश्वासाने घेत होता, आणि त्याला काय करायचं ते थोआला सुचेना.

"पडलास कुठे तू?" तिने विचारलं. "म्हणजे डोकं कशावर आपटलं?"

"डोकं?" किएतने आठवून पाहिलं. "कुंड्यांबरोबर नारळाच्या भुशाची पोती होती. त्यातल्या एका पोत्यावर."

"पोत्यावर."

"हो. मऊ होतं तसं."

"अरे मग तुला पोत्याने वाचवलं."

"पोतं तर रोजच असतं गाडीवर," किएत समजावणीच्या सुरात म्हणाला. "फुटलं हेल्मेट."

आता या माणसाशी वाद काय घालायचा! थोआने दांड्यावरचं एक कोरं निळं हेल्मेट काढलं. घे आणि जा, असं म्हणणं सोपं होतं. तिने ते दोन्ही हातांत धरलं आणि बाजूंनी दाबलं. साठीला टेकलेल्या बाईचे हात ते, पण दोन्ही बाजू आत आत येत गेल्या, आणि मग कट्कन आवाज होऊन हेल्मेट तडकलं. बरोबर तिथेच, जिथे मुलीच्या डोक्यावरचं तडकलं होतं.

"ताई, अगं भवानी व्हायचीय अजून," दिएप पाव कापता कापता थांबली. "वेड लागलं का तुला?"

किएत आधी हसला. मावशी काहीतरी गंमत करतेय असं त्याला वाटलं. मग त्याने ते हेल्मेट तिच्या हातातून घेतलं, आतलं कापड बोटाने उचकटलं, स्पंज चिमटीत धरून पाहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. थोआला ते बघवेना.

"म्हणजे मी असाच वाचलो," तो म्हणाला.

"वाचलास ना? मग झालं तर."

"तसं नव्हे मावशी. दोन महिने मला वाटतंय की आपल्या डोक्यावर काहीतरी आहे. कुणीतरी बघतंय आपल्याकडे. म्हणून तर मी ते पोरीला..." त्याने क्वेनकडे पाहिलं. "मग तुम्ही विकता कशाला हे?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर थोआने चार शब्द परत दिले असते, तोंडाने ती काही कमी नव्हती.

"माझा नवरा, लुआन, गाडीवरून पडून गेला," ती म्हणाली. "हेल्मेटाचा कायदा यायच्या आदल्या वर्षी. तेव्हा कुणीच काही घालत नव्हतं. कडेच्या दगडावर डोकं आपटलं, बाकी अंगावर ओरखडासुद्धा नाही. झोपल्यासारखा दिसत होता. मग कायदा आला, तेव्हा मी ठरवलं की विकायचं तर हेच. पहिल्या वर्षी चांगलीच ठेवली होती रे, जड, आत पांढरा थर्माकोल असलेली. लोक हातात घ्यायचे, किंमत विचारायचे, आणि चार पावलांवर स्वस्तातलं मिळायचं तिथे जायचे. पोराची शाळा होती. मग मीही मनाला समजावलं, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं."

"आणि बरं असतं का?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि तिने स्वतःला तर मुळीच नाही.

तेवढ्यात मागच्या सीटवरून क्वेनने विचारलं, "आज्जी, तुम्ही कुठलं घालता?"

पोरीचं आपलं साधं विचारणं. थोआची स्कूटर छत्रीमागेच उभी होती. खोटं बोलता आलं असतं, दांड्यावर शंभर हेल्मेटं लटकत होती. तिने सीटखालचा कप्पा उघडला आणि आतून आपलं हेल्मेट काढलं. काळं, जड, कान झाकणारं. सायगॉनला नोकरी करणाऱ्या मुलाने आणून दिलेलं. रोज सकाळी कोपऱ्यावर पोचली की ती ते आधी कप्प्यात ठेवायची, गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू नये म्हणून.

दिएपने नजर दुसरीकडे वळवली. किएतने ते हेल्मेट हातात घेऊन तोललं, बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि परत दिलं. थोआला वाटलं, याने आपल्या तोंडावर दोन शब्द फेकले असते तर फार बरं झालं असतं.

"लाज वाटते रे मला," ती म्हणाली. "खरंच सांगते. तुझं डोकं स्वस्त आणि माझं महाग, असं काही माझ्या मनात नव्हतं. पण मी वागले तशीच."

ती गाडीपाशी गेली आणि मुलीच्या हनुवटीखालचं बकल सोडायला हात पुढे केला. क्वेनने दोन्ही हातांनी हेल्मेट घट्ट धरलं.

"हे बाबांचं आहे. याने बाबांना वाचवलं."

"नाही वाचवलं बाळा," थोआ म्हणाली. "तुझे बाबा वाचले, ते नशीब. नशीब त्यांचं आहे, हेल्मेटाचं नाही. ते तुमच्या घरातच राहणार. हे मला दे."

क्वेनने बापाकडे पाहिलं. किएतने मान हलवली तेव्हा तिने हात काढले. घामाने कपाळाला चिकटलेले तिचे केस थोआने मागे सारले. डोकं किती लहान असतं पोरांचं. मुलाला न्हाऊ घालायची तेव्हा ते हाताच्या ओंजळीत मावायचं, ते तिला आठवलं.

"पूल ओलांडलास की डाव्या हाताला खऱ्या हेल्मेटांचं पक्कं दुकान आहे. तिथे लहान मुलांच्या मापाचं वेगळं मिळतं. तिला बरोबर ने, डोक्यावर बसवून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. मान हलवली की हेल्मेट सरकता कामा नये. तुमची दोघांची पुढच्या महिन्यात घे हवं तर, पण तिचं आजच. माझ्या चौपट किंमत सांगतील. घासाघीस करू नकोस, दुकानदार खडूस आहे."

"आता तूच गिऱ्हाईक पाठव त्याच्याकडे," दिएप पुटपुटली. तिने पावाच्या कागदाचा एक तुकडा फाडून काडेपेटी हातात घेतली होती. भवानीचं गिऱ्हाईक असं परत गेलं की कागद पेटवून माल ओवाळायचा, म्हणजे अपशकुन जळतो. थोआने हातानेच तिला नको म्हटलं.

"पुलापर्यंत यातलं एखादं चढव तिच्या डोक्यावर," ती किएतला म्हणाली. "असंच ने. पैसे नकोत."

किएतने दांड्याकडे पाहिलं. लाल, पिवळी, फुलाफुलांची, वेणीसाठी मागे खाच ठेवलेली, सगळी हेल्मेटं वाऱ्यावर हलत होती.

"नको मावशी," तो म्हणाला. "आता कळलंय ना. आता कसं घालू?"

त्याने क्वेनला खाली उतरवलं. किल्ली फिरवून खिशात टाकली आणि धडधाकट गाडी हाताने ढकलत तो पुलाच्या दिशेने चालू लागला. क्वेन बोडक्या डोक्याने बाजूने चालत होती. थोड्या अंतरावर जाऊन तो थांबला, तिला रस्त्याच्या कडेच्या बाजूला घेतलं, आणि मधे गाडी ठेवून पुन्हा निघाला.

कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की या गावात लोक विचारत बसत नाहीत. मागून आपल्या गाडीवर येतात, आपला पाय त्या गाडीला लावतात आणि ढकलत पंपापर्यंत नेऊन सोडतात. एक जण तसा आला. किएतने मान हलवून नको म्हटलं. दुसरा आला, त्यालाही नको म्हटलं. तो वळून वळून बघत गेला, कारण चालू गाडी ढकलत नेणारा माणूस त्याने कधी पाहिला नसावा.

थोआच्या समोर एक बाई स्कूटर थांबवून उभी राहिली होती. "मावशी, ते पिवळं केवढ्याला?"

थोआ रस्त्याकडे बघत राहिली. पुलाचा चढ सुरू झाला तशी किएतची पावलं जड झाली. क्वेन मागे गेली आणि दोन्ही हात सीटला लावून ढकलू लागली.

"मावशी, पिवळं."

"थांब गं बाई जरा," थोआ म्हणाली. "ती दोघं पूल चढू देत."