नर्सम्मांबरोबर समुद्रावर

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. घडीची. बसायला सागाच्या पाच पट्ट्या, पाठ उजवीकडे किंचित वाकलेली, आणि चार पाय, त्यांतला एक नंतर जोडलेला. तमिळनाडूतल्या पोळूर गावात मला 'नर्सम्मांची खुर्ची' म्हणतात. दिसायला मी साधीच आहे. पण मी समुद्र पाहिला आहे, आणि तोही पंधरा वेळा. आमच्या गल्लीत असे म्हणू शकणारे दुसरे कुणी नाही, माणसे धरूनही.

माझा जन्म ज्ञानप्रकाशम लोहाराच्या शेडमध्ये झाला. एका मंगल कार्यालयासाठी त्याने आम्हा चाळीस बहिणींना एकाच महिन्यात घडवले. ज्ञानप्रकाशम चांगला आडव्या अंगाचा होता. प्रत्येक खुर्चीवर तो स्वतः बसून बघे. माझ्यावर बसून त्याने दोनदा अंग हलवले आणि म्हणाला, "माझं वजन पेललं ना हिनं, मग कुठल्याही नवरीच्या मामाचं पेलेल." हे माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक.

सहासात वर्षे मी लग्ने पाहिली. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. त्या हलक्या होत्या, रंगीत होत्या, एकीवर एक रचता येत होत्या. आम्हाला कार्यालयाच्या मागे ढिगात टाकले आणि भंगारवाल्याला निरोप गेला. त्याच आठवड्यात कार्यालयाच्या मालकाच्या सुनेचे बाळंतपण अडले. सरकारी दवाखान्यातल्या नर्स अलमेलू यांनी ते निभावले. मालक रेशमी साडी घेऊन आला. अलमेलू म्हणाल्या, "साडी नको. माझ्या दवाखान्यात बायका कळा सोसत भिंतीला धरून उभ्या असतात. तुमच्या त्या ढिगातली एक खुर्ची द्या." मी ढिगात सगळ्यांत वर होते, एवढेच माझे कर्तृत्व.

त्या दवाखान्यात मी बावीस वर्षे काढली. माझ्या पट्ट्या घट्ट धरून किती बायकांनी दात आवळले, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. अलमेलूबाईंना सगळे नर्सम्मा म्हणत. एखादीची प्रकृती फारच बिघडली की नर्सम्मा तिला रुग्णवाहिकेत घालून चेन्नईच्या मोठ्या इस्पितळात नेत आणि दुसऱ्या दिवशी परत येत. अशा त्या अकरा वेळा चेन्नईला गेल्या. आल्या की माझ्यावर बसत आणि पायांतल्या चपला काढत. त्या इस्पितळापासून समुद्र जवळच आहे. नर्सम्मांनी तो कधीच पाहिला नव्हता.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मलाही घरी घेऊन गेल्या. घरात त्यांच्याबरोबर त्यांची नणंद मरगतम राहायची. ती नर्सम्मांना 'अण्णी' म्हणायची, म्हणजे वहिनी. तिच्या जिभेला धार होती आणि हातात बळ होते. मुलगा एळिलन होसूरला कारखान्यात नोकरीला होता.

बारा वर्षांपूर्वी, नर्सम्मा एकाहत्तर वर्षांच्या असताना, एका रविवारी एळिलन जेवत होता. त्याच्या पानात रसम वाढता वाढता त्या म्हणाल्या, "मी नि मरगतम तीन दिवस चेन्नईला जाऊन येतो. समुद्र बघायचाय."

एळिलनने घास खाली ठेवला. "अम्मा, तिथं केवढी वाळू आहे, ठाऊक आहे का? रस्त्यापासून पाण्यापर्यंत नुसती वाळू. तुला न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागते. मी पुढच्या महिन्यात जाणारच आहे. फोनवर दाखवतो तुला, अगदी लाटांच्या आवाजासकट."

"तुझ्या वेळी बावीस तास कळा दिल्या मी," नर्सम्मा म्हणाल्या. "तेव्हा कुणी तुझं तोंड मला फोनवर दाखवलं असतं, तर चाललं असतं का मला?"

मरगतम पदराआड हसली. एळिलन म्हणाला, "चालताना मध्येच गुडघा धरला, तर वाळूत कुठं बसशील?"

नर्सम्मांनी माझ्याकडे बोट दाखवले. मित्रांनो, त्या क्षणी माझी सगळी लोखंडी छाती फुगली.

बसच्या दारातच वाहकाने आम्हाला अडवले. "आजी, आमच्या बसमध्ये बसायला जागा असते हो. घरून आणावी लागत नाही."

"असू दे," मरगतम म्हणाली. "आरणीला गर्दी चढली की तूच येशील ही मागायला."

तो हसला आणि त्याने मला स्वतःच आपल्या आसनामागे उभे केले. आरणीला खरोखरच गर्दी चढली, पण मला मागायला तो आला नाही. डब्यात चिंचेचा भात होता. दोघी नणंद-भावजया वाटेत तो खात होत्या आणि तिखट कुणी जास्त घातले यावरून भांडत होत्या. मी इतकी आनंदी बस नंतर कधी पाहिली नाही.

चेन्नईत तिरुवल्लिक्केणी भागातल्या एका लहान लॉजमध्ये त्यांनी खोली घेतली. त्याच संध्याकाळी रिक्षा करून आम्ही मरीनाच्या किनाऱ्यावर गेलो. रस्ता ओलांडला आणि नर्सम्मा थांबल्या. एळिलन खोटे बोलला नव्हता. समोर वाळूचे एक मैदानच होते. त्याच्या पार पलीकडे एक करडी रेघ हलत होती.

"तोच का?" नर्सम्मांनी विचारले.

"तोच असणार. दुसरा कुठला असेल इथं?" मरगतम म्हणाली.

नर्सम्मा पंधरा पावले चालल्या. मग त्यांनी माझ्यावर अंग टाकले, आणि मी वाळूत रुतले. माझे पाय बारीक नळीचे. फरशीवर मी खडकासारखी उभी राहते, पण वाळूने मला घोट्यापर्यंत गिळले. नर्सम्मा एका अंगाला कलल्या. मरगतमने त्यांना सावरले, मला उपसून काढले, पुन्हा मांडले. मी पुन्हा रुतले. भोवती पतंग उडत होते, मक्याची कणसे भाजली जात होती, आणि येणारीजाणारी माणसे आमच्याकडे बघत होती. चौथ्यांदा असे झाल्यावर नर्सम्मा म्हणाल्या, "चल परत. एळिलन म्हणाला तेच खरं."

मला फार वाईट वाटले. मला ज्या एका कामासाठी आणले होते, तेच मला जमले नव्हते.

रात्री मरगतम एवढेच बोलली. "अण्णी, उद्या सकाळी पुन्हा जायचं. माझ्या डोक्यात एक आहे." आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी वाळू गार होती आणि माणसे तुरळक. वाळू सुरू होते तिथे मरगतमने आपल्या रबरी चपला काढल्या. मग वाकून नर्सम्मांच्याही पायांतल्या काढल्या.

"अगं, काय करतेस?"

"चार पाय, चार चपला," मरगतम म्हणाली, आणि माझ्या एकेका पायाखाली तिने एकेक चप्पल सरकवली.

नर्सम्मा जपून टेकल्या. मी हलले नाही. रुतलेही नाही. मित्रांनो, त्या दिवशी मरीनावर चपला घालून बसलेली मी एकटीच खुर्ची असेन.

मग आमचा प्रवास सुरू झाला. नर्सम्मा मरगतमच्या खांद्यावर हात ठेवून वीस पावले चालत. मरगतम मला मांडी, पायांत चपला घाली, नर्सम्मा बसत, दम खात. पुन्हा वीस पावले. सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, विकणारी एक बाई टोपली टेकवून बघत राहिली. ती म्हणाली, "असं चालत गेलात तर दुपार होईल, पाटी." तिकडे आजीला पाटी म्हणतात.

"बाळ यायला याहून जास्त वेळ लागतो," नर्सम्मा म्हणाल्या आणि उठल्या. आम्ही एकोणीस वेळा थांबलो. विसाव्या वेळी वाळू ओली होती.

नर्सम्मा पाण्याच्या काठाशी बसल्या. पहिली लाट त्यांच्या पायांवरून गेली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. दुसरीला घेतले नाहीत. त्या हसत होत्या, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. तेवढ्यात तिसरी लाट मोठी आली. ती पुढून आली तोवर ठीक होते; पण परत जाताना तिने माझ्या मागच्या पायांखालची सगळी वाळू नेली, एक चप्पलही नेली, आणि मी मागे कलंडले. नर्सम्मा माझ्यासकट पाण्यात पडल्या.

एवढ्या वर्षांत मी कुणालाही पाडले नव्हते. ज्ञानप्रकाशमला नाही, नवरीच्या मामांना नाही, कळांनी तळमळणाऱ्या बायकांना तर नाहीच. आणि त्या दिवशी मी माझ्याच माणसाला पाडले. पुढच्या लाटेने माझी घडी मिटली आणि मी आत ओढली जाऊ लागले.

मरगतम नर्सम्मांच्या दंडाला धरून ओरडत होती. नर्सम्मा नाकातोंडातले पाणी थुंकत म्हणाल्या, "मला काही झालं नाही. तिला धर."

काठावर जाळे निवडत बसलेली एक कोळीण पदर खोचून धावली. तिने एका हाताने मला पकडले आणि दुसऱ्या हाताने नर्सम्मांना बसते केले. तिचे नाव सेल्वराणी.

"लाटेच्या तोंडात का बसता?" ती रागावून म्हणाली. "समुद्राशी ओळख करायची तर चार हात लांबून करावी. नवीन सून चुलीपाशी जाते ना, तशी."

"चुकलं माझं," नर्सम्मा म्हणाल्या. "गुडघा काही मोडलेला नाही. मी बघितलं दाबून."

"तुम्ही बघितलंत?"

"मी नर्स आहे."

सेल्वराणीचा राग थोडा उतरला. तिने वर टणक ओली वाळू निवडून मला तिथे मांडले, स्वतः बसून पारखले, आणि मग नर्सम्मांना बसवले. माझा एक पाय वाकला होता, पण मी अंग आवळून उभी राहिले. आता लाट यायची ती थकून यायची, बोटे भिजवून परत जायची.

नर्सम्मा तिथे दोन तास बसल्या. साडी अंगावरच वाळली. मग त्या बोलू लागल्या.

"अकरा जणींना आणलं मी या गावात, मरगतम. नऊजणी घरी परत आल्या. कुप्पम्मा आणि ती कलसपाक्कमची पोर, देवकी, या दोघी नाही आल्या. देवकी गेली तेव्हा मी इस्पितळाच्या पायरीवर बसले होते. वाऱ्याला खारट वास होता. एक झाडूवाली म्हणाली, बाई, दहा मिनिटांवर समुद्र आहे, जाऊन या, जरा बरं वाटेल. मला तिचा राग आला. मी म्हटलं, मी काय मौज करायला आले आहे?"

मरगतमने त्यांच्या पदरावरची वाळू झटकली.

"आज मौज करायलाच आले," नर्सम्मा म्हणाल्या. त्यांनी वाकून ओंजळीत पाणी घेतले आणि परत सोडले. दोनदा. मग त्या मरगतमला म्हणाल्या, "जा, सुंडल घेऊन ये. कैरी जास्त घालायला सांग."

पुढचे दीड दिवस आम्ही तिथेच होतो. लॉजवर फक्त झोपायला गेलो. माझ्यासकट तिघींच्या पायांत मिळून तीनच चपला उरल्या होत्या, म्हणून मरगतमने नवा जोड घेतला आणि त्यातली एक मला दिली.

इथपर्यंतची गोष्ट मी ताठ मानेने सांगते. पुढची सांगताना मान खाली जाते. घरी आल्यावर मला कुणी धुतले नाही. सांध्यांत वाळू होती, अंगभर मीठ होते. घरात वाळू सांडते म्हणून मरगतमने मला गच्चीवर नेऊन ठेवले. एळिलनने आईसाठी गादीची, हातांची नवी खुर्ची आणली आणि टीव्हीसमोर मांडली. दोन पावसाळे मी गच्चीवर काढले. मीठ आतून खात गेले, आणि एके दिवशी माझा वाकलेला पाय गळून पडला. माझ्यावर मिरच्या वाळत घालायचीही सोय उरली नाही.

मग शेजारची पट्टम्माळ आली. तिला अर्धांगवायू होऊन वर्ष झाले होते. ती म्हणाली, "नर्सम्मा, तुम्ही त्या खुर्चीवरून समुद्र बघितलात ना? मला द्याल ती? माझी लेक मला नेते म्हणते."

नर्सम्मा कठडा धरून गच्चीवर आल्या. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "बावीस वर्षं मी प्रत्येक हत्यार उकळून ठेवलं," त्या म्हणाल्या, "आणि हिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं नाही."

त्याच दिवशी मला वेल्डिंगवाल्याकडे नेले. मला नवा पाय लागला, जुना गंज घासून निघाला, सांध्यांत तेल पडले. पट्टम्माळ समुद्र बघून आली. मग तिची विहीण जाऊन आली, मग निवृत्त पोस्टमन, मग आणखी कुणी. अशा माझ्या चौदा फेऱ्या आणखी झाल्या. नर्सम्मा आता त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि स्वतः कुठे जात नाहीत. पण मी परत आले की अंगणात मला उलटी करून, प्रत्येक नळीत गोडे पाणी ओततात आणि मगच नेणाऱ्याची विचारपूस करतात.

म्हणून मित्रांनो, माझी दोन मागणी आहेत. तुमच्या कामी आलेली वस्तू ठेवून देण्यापूर्वी तिच्या अंगाला काय लागले आहे ते बघा, आणि ते धुऊन टाका; एक तांब्या पाणी पुरते. आणि घरातल्या थकलेल्या माणसाला खुर्ची जरूर द्या, मऊ गादीची द्या. फक्त ती खाली ठेवण्यापूर्वी त्यांना एकदा विचारा : कुठे मांडू?