कोऱ्या ट्रकमधले किडे

मालवाहतुकीच्या कंपनीत तिला सगळे 'किडेबाई' म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. बरणीत पिठातले किडे पाळायचे, जाळीच्या पुरचुंड्यांत भरून बंद ट्रकच्या कोपऱ्यांत टांगायचे, औषध फवारायचं आणि दुसऱ्या दिवशी किती मेले ते बघायचं, हेच तिचं काम. या वेळी मात्र किड्यांपेक्षा तिचाच जीव टांगणीला लागला होता. नवरा याच ट्रकांवर ड्रायव्हर. कडक औषधानं त्याचे डोळे चुरचुरत, खोकून खोकून बिचारा बेजार होई. निम्म्या औषधात काम भागतं हे सिद्ध झालं, तर त्याची यातून सुटका होती.

निम्मं औषध मारलेल्या ट्रकमधले किडे झाडून सगळे मेले. साहेब खूश झाले.

"झालं की! उद्यापासून निम्मंच."

पण ती शेजारच्या, तुलनेसाठी पुरचुंड्या टांगून कोऱ्या ठेवलेल्या ट्रकमध्ये चढली. तिथं औषधाचा थेंबही मारला नव्हता, तरी तिथलेही सगळे किडे उताणे पडलेले.

"साहेब, हे औषधाविना मेले. मग तिकडचे औषधानं मेले कशावरून?"

गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण औषध खरंच कमी पडत असेल, तर आठ दिवसांत मालात किडे निघणार आणि पुन्हा दुप्पट फवारा नवऱ्याच्याच नाकात जाणार. तिनं पुरचुंडी नाकाशी नेली. वास ओळखीचा होता.

पुरचुंड्या सासूबाई शिवून देत. घरी जाऊन तिनं विचारलं, "आई, जाळी कुठली वापरलीत?"

"माझी जुनी मच्छरदाणी. डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जपली होती. इतक्या वर्षांत एका किड्याची हिंमत झाली नाही!"

तिला हसावं की रडावं कळेना.

नव्या जाळीच्या पुरचुंड्या करून पुन्हा चाचणी झाली. निम्मं औषध फवारलेल्या ट्रकमध्ये सगळे मेलेले. मग ती कोऱ्या ट्रकमध्ये चढली. टॉर्च मारला, तर पुरचुंडीत नुसती वळवळ! तिनं तिथूनच फोन लावला.

"आई, जिवंत आहेत!"

"किडे जगले म्हणून नाचणारी सून माझ्याच नशिबी यायची होती," सासूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "म्हणजे... त्याचा खोकला जाईल ना गं?"

"आता निम्मंच औषध, आई. कमी होईल."

"आणखी पुरचुंड्या लागतील का? धुतलेल्या जाळीच्या शिवते."