लख्ख पांढरी वसाहत

"काळं म्हणजे पाणी, पांढरं म्हणजे कोरडं. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?" साहेबांनी पडद्यावरच्या, पुराच्या दिवशीच्या उपग्रहचित्रावर बोट टेकवलं.

शिकवलं होतं मीच. उपग्रहावरचं रडार तिरक्या लहरी सोडतं. सपाट पाण्यावरून त्या पलीकडे निसटतात, म्हणून उघडं पाणी काळं दिसतं. पण पाण्यात भिंती उभ्या असल्या की लहर पाण्यावरून भिंतीवर आपटते आणि सरळ माघारी येते. ती जागा लख्ख पांढरी होते. एवढं सांगायचं राहिलं होतं. चूक माझी.

त्या चुकीपायी नदीच्या वळणावरची वसाहत नकाशात 'सुरक्षित' ठरली होती. तिथली जुनी गोदामं पाडून रुग्णालय बांधायचं होतं. त्या नकाशावर माझी सही तेवढी बाकी होती.

"पुराआधीचं चित्र बघा, साहेब. वसाहत इतकी उजळ नाही. भिंती त्याच आहेत. वाढलंय ते पाणी."

"तुमच्या भावाचं घर तिथेच ना? आधी त्याला विचारा."

विचारावं लागलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत दादाचाच फोन आला.

"चिमणे, नकाशात आमच्या घराला पुराचा लाल रंग फासणार म्हणे तू? विकायला काढलंय मी ते! कुत्रं तरी फिरकेल का मग?"

"पुराच्या दिवशी तू कुठे होतास?"

"गच्चीवर."

"हवा खायला?"

फोन बहुधा वहिनीने हिसकावला.

"लिही गं तू. स्वयंपाकघरात कंबरेइतकं पाणी होतं. आणि ह्यांना पोहता येत नाही, तेही लिही."

"वहिनी, भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेला टेप लावून फोटो पाठव."

रेघ जमिनीपासून एक्याण्णव सेंटिमीटरवर होती. मी नकाशात वसाहत लाल केली, दोन्ही चित्रं आणि फोटो जोडले, माझी चूक पहिल्याच परिच्छेदात लिहिली आणि टिपण आवक खिडकीवर दिलं. मग त्याची प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"जुन्या नकाशावर दुसरं कोणीही सही करेल," साहेब म्हणाले.

"करू दे."

"हे टिपण मागे घ्या."

"आवक क्रमांक पडलाय, साहेब. मागे घ्यायचं तर कारण लिहावं लागेल. माझ्याकडे कारण नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा."

मी खुर्ची ओढून समोर बसले.